करोल बागेतला दीड दिवस

नीलाकाकू हर्डीकरांकडे राहायचं तर सगळ्यात आधी आपलं नाव सोडून द्यावं लागतं. त्यांच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीत, आजवर जितक्या पोरी राहून गेल्या त्या सगळ्यांना त्यांनी गावाच्या नावानं हाक मारली. माझ्या आधी उदगीर होती, तिच्या आधी वाशिम. वाशिम आता ओडिशात मोठ्या हुद्द्यावर आहे, तरी दिवाळीला तिचा फोन आला की काकू ओरडतात, "वाशिमचा फोन आहे, तो टीव्ही बंद कर आधी!" मी परतूर. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आले, दोनदा आपटले, तिसऱ्यांदा उभी आहे. माझी परीक्षा हा या गोष्टीचा विषय नाही, तेव्हा त्याबद्दल कोणी विचारू नये.

काकूंचं वय सहासष्ट. उंची बेताची, चाल भरभर, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. हिंदूराव रुग्णालयात त्यांनी तीस वर्षं एक्स-रे काढले. "साँस रोको, हिलना मत" हे त्यांनी इतक्या माणसांना सांगितलंय की आता त्या चहा घे म्हणाल्या तरी हुकूमच वाटतो. खाली नीरजचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. तो भर दुपारी गिऱ्हाइकाला हॉर्न वाजवून दाखवायला लागला की काकू गॅलरीतून एकदाच "नीरज!" म्हणतात आणि करोल बागेसारख्या ठिकाणी पाच मिनिटं शांतता होते.

पण एका माणसापुढे हा आवाज कधी चढला नाही. तो म्हणजे यतीन, त्यांचा धाकटा दीर. काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि त्याची आई नुकतीच गेली होती. त्याचे डबे काकूंनी भरले, टायफॉइडमध्ये त्याच्या उशाशी त्या बसल्या, त्याच्यासाठी मुलगीही त्यांनीच बघितली. स्वतःला मूलबाळ झालं नाही, ती हौस त्यांनी यतीनवर भागवली असं त्या स्वतःच सांगतात. आता तो गुरगावला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. बाळकाका, म्हणजे काकूंचे यजमान, अंथरुणाला खिळले तेव्हा हाच यतीन ऑफिस सुटलं की गुरगावहून येऊन भावाला उचलून न्हाणीघरात न्यायचा. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही.

हर्डीकरांचा गणपती दीड दिवसाचा. चाळीसच्या वर वर्षं तो करोल बागेतल्या याच घरात बसत होता. बाळकाका गेले त्या वर्षी बसला नाही, वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून. यंदा जुलैत यतीन गाडी घेऊन आला आणि चौरंग, समई, चांदीचं तबक सगळं बांधून घेऊन गेला. म्हणाला, "वहिनी, आता गणपती गुरगावला बसवू. इथे घरात पुरुष माणूस नाही, पूजेला बसणार कोण? आणि एका घराण्याचे दोन गणपती करायचे नसतात. तू चार दिवस आधीच ये ना यार. तुझ्या हातचे मोदक सगळ्यांना हवेत."

 समईला वर्तमानपत्र गुंडाळून काकूंनीच ती त्याच्या हातात दिली. मी जिन्यात उभी होते, मला असा संताप आला की विचारू नका. आमच्या घरी गणपती बसत नाही, आम्ही बुद्धवंदना करणारी माणसं. तसं मी काकूंना राहायला आले त्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "अच्छा. नळाला पाणी सकाळी सहाला येतं." बस्स, तेवढंच. तर त्या गणपतीशी माझं काही नातं नव्हतं, पण ज्या बाईनं चाळीस वर्षं एखादी गोष्ट सांभाळली तिला मोदक करायला ये म्हणायचं? त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पित्त झालंय म्हणाल्या. काकूंना पित्त कधी होत नाही.

मग ऑगस्टमध्ये हेमांगी आली.

एका मराठी संस्थेचा कार्यक्रम होता, काकू मला हट्टानं घेऊन गेल्या. तिथे मंचावर 'मॉरिशसच्या पाहुण्या' म्हणून एका बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. हेमांगी सखाराम, वय चव्वेचाळीस, तिकडे प्राथमिक शाळेत मराठी शिकवते, नोएडात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आलेली. सखाराम हे तिच्या खापरपणजोबांचं नाव. ते कोकणातून जहाजात बसून गेले आणि तिकडच्या कारकुनानं तेच आडनाव करून टाकलं. सत्कारानंतर सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. "घरी या हं नक्की!" असं निदान वीसजण म्हणाले आणि पत्ता एकानंही दिला नाही. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी विचारलं, "जेवलीस का तू?"

हेमांगी म्हणाली, "नाही ताई, अद्याप भोजनाचा योग आला नाही."

तिचं मराठी असं. शाळेच्या पुस्तकातून उचललेलं, इस्त्री केलेलं. घरी ती क्रिओल बोलते, नवऱ्याशी, मुलांशी. आणि आमच्या काकूंचं मराठी दिल्लीत इतकी वर्षं राहून निम्मं हिंदी झालेलं. दोघी बोलायला लागल्या की मला मधे उभं राहून ऐकायला फार मजा यायची. काकू म्हणणार, "चलो, बैस ना यार, एवढी काय फॉर्मॅलिटी!" आणि ती म्हणणार, "आपल्या आदरातिथ्याने मी भारावून गेले आहे." पण दोन भेटींत दोघींची अशी गट्टी जमली की हेमांगी वर्ग सुटला की मेट्रो पकडून थेट करोल बागेत. नोएडाहून एवढ्या लांब कोण येतं? ती यायची.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी ती आली तेव्हा गप्प गप्प होती. काकूंनी खोदून विचारलं. म्हणाली, "सोमवारी माझे विमान आहे. आणि शनिवारी चतुर्थी. जन्मात प्रथमच मी गणपतीला घरी नाही. आमच्या गावात प्रत्येक घरी असतो." मग तिनं देव्हाऱ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "ताई, आपला गणपती किती दिवसांचा असतो?"

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दीड."

हा प्रश्न कुठल्याही कोकणस्थ बाईला झोपेत विचारला तरी उत्तर तोंडातून येणार, त्यात विचार नसतो. पण हेमांगीचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "म्हणजे शनिवार आणि रविवार! माझे शेवटचे दोन दिवस! मी शुक्रवारीच येते, ताई. आम्ही गणपती हातानेच करतो घरी, माती मी आणते!" आणि ती काकूंच्या गळ्यातच पडली. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

ती गेल्यावर मी म्हणाले, "काकू, गणपती तर गुरगावला आहे ना?"

"माहीत आहे मला."

"मग तिला सांगा ना फोन करून. समजून घेईल ती."

काकूंनी सालं गोळा केली. मग म्हणाल्या, "परतूर, माझ्या तोंडातून दीड निघालं ना? निघालं. इतके दिवस मी विचार करत होते, यतीनला कसं सांगू, काय सांगू. आता सांगायचं राहिलंच काय? मी बसवणार."

त्यांनी तिथेच फोन लावला, तोही स्पीकरवर, कारण कानाला लावलेला फोन त्यांना आवडत नाही.

"यतीन, मी गणपती बसवतेय इथे."

"काय? वहिनी, ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलं होतं. मी फक्त समई गुंडाळून दिली."

"अगं पण पूजेला कोण बसणार?"

"मी."

 मग यतीन समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, मी काही जुन्या विचारांचा नाही. पण लोक काय म्हणतील, हर्डीकरांची वाटणी झाली? दादा असता तर त्याला चाललं असतं?"

"दादा असता तर तू चौरंग नेला असतास?"

"वहिनी, असं असेल तर मग आमचं येणं-जाणं ठेवायचं की नाही तेही एकदा ठरवून टाक," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

काकूंचा चेहरा उतरला. तो मी बघितला, त्यांनी लपवला नाही. यतीन म्हणजे त्यांचं या शहरात उरलेलं एकमेव माणूस. आजारपण आलं तर तोच, उद्या वरचं बोलावणं आलं तर खांदा द्यायलाही तोच. हे सगळं त्यांना कळत होतं. त्यांनी कपाटामागून शिवणयंत्राचं टेबल ओढून बाहेर काढायला सांगितलं आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. चौरंग नव्हता, म्हणून हे.

शुक्रवारी संध्याकाळी हेमांगी आली ती बॅगा आणि एक मातीची पिशवी घेऊन. माती कुंडीवाल्याकडून आणलेली, तीही दोनदा चाळलेली. आम्ही तिघी गच्चीवर बसलो. तिनं गोळा मळला, पोट केलं, आणि मग थांबली.  शेवटी कबूल केलं, "वास्तविक, आमच्याकडे मूर्ती माझे काका करतात. मी फक्त हातातला मोदक वळते."

मला हसू आवरेना. काकूंनी एकदा मातीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि बाह्या सावरल्या. "तीस वर्षं मी माणसांची हाडं बघितलीत. गणपतीला काय वेगळी असतात?" मग आम्ही केला. सोंड काकूंनी केली, ती जरा जाड झाली. कान हेमांगीनं लावले आणि उजवा दोनदा गळून पडला. पाट आणि उंदीर माझ्याकडे दिला होता. उंदीर खारीसारखा दिसत होता असं दोघींचं म्हणणं पडलं. मूर्ती काही बाजारात ठेवण्यासारखी नव्हती. पण पंख्याखाली ठेवल्यावर त्या गणपतीच्या चेहऱ्यावर अशी काही ऐट आली, की मला, मी हात न जोडणारी, मलाही तो आवडला.

शनिवारी सकाळी नेहमीच्या गुरुजींचा फोन आला. यतीननं त्यांना आधीच गुरगावला बोलावून ठेवलं होतं, वर सांगितलंही असावं काहीतरी. "बाईनं एकटीनं प्राणप्रतिष्ठा करणं शास्त्राला धरून नाही," असं ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "बिल्कुल बरोबर, गुरुजी. तुम्ही शास्त्र धरा, मी गणपती धरते." आणि फोन बंद.

मला आणि हेमांगीला अजमल खाँ पार्कात दूर्वा आणायला पाठवलं. तिथला माळी अंगावर आला, "ओ मॅडम, घास क्यों तोड़ रहे हो?" दिल्लीत दूर्वा म्हणजे घासच. हेमांगीनं त्याला शुद्ध हिंदीत इतकं लांबलचक समजावलं की शेवटी त्यानंच एका कोपऱ्यातली कोवळी दाखवली. नारळ पलीकडच्या दक्षिणी वाण्याकडून आणला. घरी येतो तर काकूंनी उकड काढून ठेवली होती आणि लग्नातलं हिरवं लुगडं नेसून त्या पाटावर बसल्या होत्या. बाळकाका गेल्यापासून मी त्यांना हिरव्यात बघितलं नव्हतं.

पूजेला बसण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लग्न झालेली बाई पूजेत नवऱ्याच्या शेजारी बसते आणि त्याच्या उजव्या हाताला आपला हात लावते. पूजा तो करतो. हिनं हात लावला म्हणजे हिचीही झाली. "एवढी वर्षं मी हात लावून बसले, परतूर. मंत्र मला पाठ, क्रम मला पाठ. ते विसरायचे तेव्हा मी कोपर दाबून आठवण करून द्यायचे. पण पाणी सोडायचं त्यांनी, अक्षता वाहायच्या त्यांनी. माझे हात रिकामे."

मग त्यांनी पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला. त्यात पूजा करणाऱ्याचं नाव यावं लागतं. काकू खणखणीत आवाजात देश, काल, तिथी म्हणत गेल्या आणि नावाशी आल्या तेव्हा सवयीनं त्यांच्या तोंडून "बाळ" निघालं. त्या थांबल्या.   हेमांगीनं काय केलं, तर तिला नियम एवढाच ठाऊक होता की पूजा करणाऱ्याच्या हाताला शेजारच्यानं हात लावायचा. तिनं सरळ पुढे होऊन दोन बोटं काकूंच्या कोपराला लावली. काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग समोर बघून मोठ्यानं म्हणाल्या, "नीला." आणि पाणी सोडलं.

मला रडू आलं. मी कांदा चिरायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे गेल्यावर आठवलं की आज कांदा नाही.

तो शनिवार फार सुंदर गेला. हेमांगीनं व्हिडिओ कॉल लावून मॉरिशसमधल्या तिच्या घरचा गणपती काकूंना दाखवला आणि काकूंचा तिच्या घरच्यांना. तिकडून एक म्हातारे गृहस्थ क्रिओलमध्ये काहीतरी बोलले आणि सगळे हसले. "काका म्हणतात, कान वाकडा आहे," हेमांगीनं भाषांतर केलं. काकूंनी तिकडच्या काकांना हिंदीत ठणकावलं, "अपना देखिए!" संध्याकाळी हेमांगीनं त्यांच्याकडे गणपतीपुढे जो नाच करतात तो करून दाखवला आणि दोघी कमरेला पदर खोचून नाचल्या. काकूंच्या गुडघ्यांचं मी बोलत नाही.

रविवारी दुपारी उत्तरपूजा झाली. दहीपोह्यांची शिदोरी बांधली, गणपतीसाठी एक आणि हेमांगीसाठी एक. संध्याकाळी तिला विमानतळावर निघायचं होतं, पहाटेचं विमान. काकू मूर्ती हलवणार इतक्यात जिन्यात पावलं वाजली. यतीन आणि त्याची बायको अलकनंदा. तो कडक इस्त्रीच्या कुर्त्यात होता आणि घामानं डबडबला होता.

त्यानं हेमांगीला नमस्कार केला, शिवणयंत्राच्या टेबलावरच्या गणपतीकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, झालं ते झालं. आता निदान विसर्जन एकत्र करू. मी हा गुरगावला घेऊन जातो. आमच्या सोसायटीत हौद केलाय, दोन्ही एकाच वेळी सोडू. चल तूही. सरक, मी उचलतो."

"तू बस. अलकनंदा, पाणी घे गं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पाटासकट मूर्ती उचलून छातीशी धरली.

"अगं, पण पडशील जिन्यात!"

"पडले तर उठेन. हो बाजूला."

तो बाजूला झाला. पुढे काकू, मागे ताट वाजवत हेमांगी, आणि मी पाण्याची कळशी घेऊन. जिना उतरून सरळ मागच्या चौकात जायचं होतं, तिथे मी टब भरून ठेवला होता. पण काकू चौकाकडे वळल्याच नाहीत. त्या रस्त्यावर आल्या. रविवारची करोल बाग म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत हिरव्या लुगड्यातल्या या बाईनं मोकळ्या गळ्यानं "गणपती बाप्पा" म्हटलं आणि आम्ही दोघींनी "मोरया" म्हटलं. दोनच आवाज, तेही किरटे. नीरज दुकानातून बाहेर आला. म्हणाला, "आंटी, इस बार आप? अंकल के बाद भाईसाहब नहीं उठाते?"

"नहीं. मैं उठाती हूँ," काकू म्हणाल्या.

नीरजनं दोन्ही हात वर करून पुढचा "मोरया" असा काही ठोकला, की समोरचे फेरीवालेही ओरडले. आम्ही गल्लीला पूर्ण फेरी मारली. माझ्या मते त्या दिवशी करोल बागेत ज्याला काकू दिसल्या नाहीत त्याची दृष्टी कमी असणार.

चौकात परत आलो, आरती झाली, आणि काकूंनी स्वतःच्या हातानं मूर्ती टबात सोडली. कच्च्या मातीचा गणपती हळूहळू विरतो. आम्ही सगळे टबाभोवती उभे होतो. आधी आमचे ते दोन कान गेले.

तेव्हा यतीन बोलला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "वहिनी, मी विचार केला. ह्या परदेशातून आल्या, त्यांचे शेवटचे दोन दिवस, त्यांना हौस होती. पाहुणीच्या हौसेसाठी तू एक वर्ष बसवलास. मी सगळ्यांना तसंच सांगतो. गुरुजींनाही. कोणी वाईट वाटून घेणार नाही. पुढच्या वर्षी आपलं नेहमीसारखं, गुरगावला. ठीक आहे ना?"

त्यानं हात पुढे केला होता. मला वाटलं, घ्यावा काकूंनी तो हात. खरंच वाटलं. दोन दिवस मजेत गेले, गणपती बसला, दीरही परत आला, आणखी काय हवं? हेमांगीला तर आत्ताच सगळं उमगलं होतं. ती कावरीबावरी झाली. "होय ताई, दोष माझाच आहे. मी विचारले नसते तर हे घडले नसते. आपण माझे नाव सांगा. मी उद्या जाणारच आहे, मला काय होणार?"

काकूंनी हात पुसले.

"हिनं विचारलं हे खरं," त्या म्हणाल्या. "पण हिच्यासाठी नाही बसवला. माझ्यासाठी बसवला. लोकांना तू काय हवं ते सांग, पण मला विचारतील तर मी हेच सांगणार. आणि पुढच्या वर्षीही मीच बसवणार, यतीन. ही नसली तरी. तू आलास तर तुझा चौरंग घेऊन ये, नाही आलास तर टेबल आहे."

"म्हणजे तुला मी नको."

"मला तू हवास रे. तुला मी पूजेला बसलेली नको आहे."

यतीनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं दुःख खरं होतं, ते मला नाकारता येत नाही. तो वळला आणि चौकातून बाहेर गेला. प्रसादाला त्यानं हात लावला नाही. अलकनंदा क्षणभर घुटमळली, मग तिनं ताटातले दोन मोदक उचलले, रुमालात बांधून पर्समध्ये टाकले, काकूंना वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याच्या मागे धावली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला.

हेमांगीची टॅक्सी आली तेव्हा टबात नुसतं गढूळ पाणी होतं. तिनं बॅगा ठेवल्या आणि काकूंच्या गळ्यात पडून अशी रडली, की तिचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं. नुसतं "ताई, ताई" करत होती. काकूंनी तिच्या हातावर दही घातलं, शिदोरी पर्समध्ये कोंबली, आणि टॅक्सीवाल्याला दम दिला की बाईंना नीट सोड, मी गाडीचा नंबर घेतलाय. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी त्या फाटकाला धरून उभ्याच होत्या.

 शेवटी मी विचारलं, "काकू, वाईट वाटतंय?"

"वाटतंय," त्या म्हणाल्या. "खूप वाटतंय. सतरा वर्षांचा होता तो." पदरानं त्यांनी चेहरा पुसला, चांगला खसाखसा पुसला. "म्हणून काय, खोटं बोलू?"